बोटांखालचा चौकोन

माझे संपूर्ण नाव वामन गोविंद देवरुखकर. वय अठ्ठ्याहत्तर पूर्ण. वास्तव्य पनवेल. शिक्षण मॅट्रिक, त्यापुढचे जे काही आहे ते मी रद्दीच्या दुकानातून वजनावर विकत घेतले आणि शब्दकोश मांडीवर ठेवून वाचले. हे आरंभीच सांगून टाकतो, कारण मला अनेक जण ‘मास्तर’ म्हणतात आणि मी आयुष्यात एक दिवसही कोणाला शिकवलेले नाही. मी भाताच्या गिरणीत कारकून होतो.

जुन्या लष्करी गाड्यांवर कोणत्या दलाची कोणती खूण असते, हा माझा विषय. तो मी निवडला नाही, तो मला चिकटला. आमच्या गिरणीत भात घेऊन एक ट्रक येत असे. लष्करी लिलावातला होता. त्याच्या मडगार्डवरचा रंग उडाला होता आणि खालून एका रंगीत चौकोनाचा कोपरा डोकावत होता. हे काय, असे मी ड्रायव्हरला विचारले. “कंपनीचा मार्का असंल,” तो म्हणाला. त्या उत्तराचा मला इतका संताप आला की पुढची पन्नासएक वर्षे मी वाचतोच आहे.

जुन्या गाडीचा रंग खरवडताना असे दिसते, की प्रत्येक नव्या मालकाने आधीचा रंग न काढता त्यावरच आपला चढवलेला असतो. किश्श्यांचेही तसेच होते. एक धड वाळत नाही तोवर मंडळी दुसरा थर देतात. माझ्याकडे आता इतके थर साचले आहेत की कुठेतरी खरवडणे भाग आहे.

आमची मंडळी दर रविवारी पनवेलजवळ नेऱ्याला जनार्दन पाटलांच्या फार्महाऊसवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जमतात. जनार्दनशेठ मूळचे बेलपाड्याचे आगरी. जमीन गेली, मोबदला आला. भाऊबंदांनी तो बांधकामात घातला आणि यांनी गंजलेल्या लोखंडात. त्यांच्याकडे जीपा आहेत आणि आता एक ट्रकही आहे. आमचा एक रिवाज आहे. गाडीवर कोणतीही खूण रंगवण्याआधी मी ती खडूने आखतो. माझ्या खडूची रेघ दिसल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. हा रिवाज मी घातला, आणि तो मोडण्यात मंडळींचे रविवार जातात.

यंदाच्या सव्वीस जानेवारीला पनवेलच्या एका मैदानावर आमच्या गाड्यांचे प्रदर्शन ठरले. त्यासाठी जनार्दनशेठनी एका वीटभट्टीवरून जुना एक टनी ट्रक उचलून आणला. त्यांचे वडील, कैलासवासी हरिश्चंद्र पाटील, लष्करात अशाच ट्रकचे चालक होते. मुलाची इच्छा एवढीच: ट्रकवर वडिलांच्या दलाची खूण असावी, सगळ्या बेलपाड्याने ती पाहावी, आणि आईला पुढच्या सीटवर बसवून मैदानात एक फेरी मारावी. खूण ओळखून देण्याचे काम अर्थातच माझे. हे काम कोणत्या मंडळींच्या संगतीत करायचे होते, ते आधी ऐका.

•

पहिला मान ताऱ्याचा. दिवाळीपूर्वी एका रविवारी जनार्दनशेठच्या जीपच्या बॉनेटवर परातीएवढा पांढरा तारा उगवलेला दिसला. खडूची रेघ नाही, मला विचारणा नाही. हा कुठून आला, असे मी विचारले. लढाईच्या सिनेमात प्रत्येक जीपवर असतो, असे उत्तर मिळाले.

मी समजावले, की तो तारा अमेरिकन सैन्याचा. ही जीप आपल्या सैन्यातून लिलावात निघालेली. आपल्या नवरदेवाने दुसऱ्याच्या मुंडावळ्या बांधून बोहल्यावर चढावे, तसे हे दिसते.

“पन पोरं ताऱ्यासंगं फोटू काडतात ना काका,” जनार्दनशेठ म्हणाले. “तारा नाय तं ती दुधाची गाडी वाटते.”

मी तारा पुसायला लावला. पुढच्या रविवारी जातो, तर बरोबर त्याच जागी, त्याच मापाचा, पांढऱ्या कागदाचा आकाशकंदील तारेने घट्ट बांधलेला.

“हा रंग नाय काका. कंदील हाय. दिवाली हाय.”

दिवाळी संपली. तुळशीचे लग्न लागले. कंदील उतरवायचे ठरेपर्यंत नाताळ उजाडला, आणि ऐन नाताळात तो उतरवू नये असे शेजारच्या फार्महाऊसवाल्यांचे म्हणणे पडले.

•

डॉ. मृणाल सबनीस यांचा नवीन पनवेलला दातांचा दवाखाना आहे. आठवडाभर त्या लोकांच्या तोंडात डोकावतात आणि रविवारी जीपखाली उताण्या पडून ग्रीस लावतात. बाई हुशार आहेत. हुशार माणसांची एकच अडचण असते, ती विचारत नाहीत.

त्यांनी आपल्या जीपचा दर्शनी भाग खरवडला तेव्हा खालून एक पिवळी चकती निघाली आणि तिच्यात काळा दोनचा आकडा. बाईंना वाटले, पलटणीचा क्रमांक सापडला. त्यांनी त्याच आठवड्यात टी-शर्ट छापून घेतले. छातीवर पिवळी चकती, चकतीत दोन, खाली लिहिलेले: दुसरी पलटण, पनवेल. दवाखान्यातल्या मदतनीस मुलींनाही दिले. यजमानांना मोठ्या मापाचा दिला. हा सर्व प्रकार माझ्या आजारपणात उरकला. मी बरा होऊन नेऱ्याला गेलो तेव्हा टी-शर्टचे रंग धुऊन धुऊन फिके पडलेले होते.

मी त्यांना शेडमधल्या खुर्चीवर बसवले आणि शक्य तितक्या सौम्यपणे सांगितले, की पिवळ्या चकतीचा पलटणीशी काडीचाही संबंध नाही. तो पुलासाठीचा आकडा. लष्कराने नदीवर टाकलेला पूल किती टन भार पेलू शकतो हे पुलाच्या पाटीवर लिहितात आणि गाडीचा भार गाडीवर. पहारेकरी दोन्ही आकडे ताडून पाहतो आणि गाडी सोडतो किंवा अडवतो.

 बाईंनी मान खाली घालून आपल्याच टी-शर्टकडे पाहिले.

“म्हणजे काका, मी इतके दिवस स्वतःचं वजन दोन टन असं छातीवर लिहून पेशंट तपासते आहे?”

•

त्याच बाईंच्या जीपमधून एकदा नेऱ्याला निघालो होतो. पालिकेच्या निवडणुकीचे दिवस, आचारसंहिता लागलेली. नाक्यावर तपासणी पथकाने हात केला. पथकातील एक तरुण गृहस्थ जीपभोवती फिरले आणि बॉनेटच्या बाजूला येऊन थांबले. तिथे त्या जीपचा जुना लष्करी क्रमांक मी मोठ्या परिश्रमाने शोधून, आखून, रंगवून घेतला होता. त्या क्रमांकाच्या आरंभी, रीतीप्रमाणे, वर टोक केलेला बाण होता.

“हे चिन्ह झाकावं लागेल,” ते म्हणाले.

मी खाली उतरलो. मी त्यांना सांगितले, की हा बाण कोणत्याही पक्षाचा नाही. ही सरकारी मालमत्तेची पुरातन खूण आहे. तोफा, बंदुका, तंबू, ब्लँकेट, घोड्याचे खोगीर, ज्या ज्या वस्तूवर ही खूण असेल ती वस्तू सरकारची, हे इंग्रजांच्या कित्येक पिढ्यांपासून चालत आले आहे. मी उभ्या उभ्या चांगले सविस्तर सांगितले. मागे रिक्षांची रांग लागली. गृहस्थांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे ही सरकारी गाडी आहे?” त्यांनी विचारले.

“खूण सरकारी आहे,” मी म्हणालो.

“मग निवडणुकीच्या काळात तुम्ही सरकारी गाडी खाजगी कामाला कशी वापरता?”

बाईंनी मला हाताला धरून गाडीत बसवले आणि स्वतःच बाणावर खाकी कागद चिकटवला. निकाल लागेपर्यंत तो तसाच होता. नेऱ्याला पोहोचल्यावर जनार्दनशेठनी कागद पाहिला आणि विचारले, “गाडीला लागलं काय?”

•

आमच्या खुणा रंगवतात ते उस्मानभाई. पनवेलच्या मोहल्ल्यातले जुने पेंटर. हात असा स्थिर, की वाटीच्या कडेने काढल्यासारखे वर्तुळ हवेत काढावे. पण त्यांची उमेदीची वर्षे उरणच्या होड्यांवर नावे रंगवण्यात गेली आहेत. होडीवर कोरी जागा ठेवणे त्यांच्या हाताला मंजूर नाही.

मी एका जीपच्या मागच्या फळीवर खडूने चौकोन आखून दिला, आतला आकडा आखून दिला, आणि कामानिमित्त बाजारात गेलो. परत येतो तो चौकोन बिनचूक. आकडा बिनचूक. आकड्याला सोनेरी सावली. आणि चौकोनाच्या दोन्ही बाजूंना एकेक पोपट.

मी म्हणालो, उस्मानभाई, हे लष्करी वाहन आहे.

“मालूम आहे काकासाब. म्हणून हिरवे काढले.”

मी त्यांना विचारले, की पोपटांचे प्रयोजन काय. ते म्हणाले, जागा फार रिकामी वाटत होती. मी म्हणालो, लष्करात जागा रिकामीच ठेवतात. उस्मानभाईंनी ब्रश पुसला, जीपकडे डोके तिरके करून पाहिले, आणि अतिशय सहानुभूतीने म्हणाले, “तरीच बिचारे सुट्टी मिळाली की घरी पळतात.”

पोपट पुसले. सावली पुसली. आजही ऊन तिरके पडले की त्या फळीवर पोपटांच्या चोची दिसतात.

•

आता ट्रककडे वळतो.

नागरी गाडीला लष्कराचा हिरवा रंग लावण्यास कायद्याने मनाई आहे, म्हणून मी वाळूचा रंग सुचवला. “हा तं खारघरच्या टॉवरचा रंग हाय,” असे म्हणून जनार्दनशेठनी तो मान्य केला. ट्रक रंगवून तयार झाला. राहिली फक्त मडगार्डवरची दलाची खूण.

ती कशी होती, याचा पुरावा एकच: वडिलांनी कुठल्याशा छावणीतून घरी पाठवलेला एक कृष्णधवल फोटो. त्यात हरिश्चंद्र पाटील ट्रकशेजारी ताठ उभे आहेत. मिशी रुबाबदार आहे. उजवा हात मडगार्डवर टेकलेला आहे, आणि तो हात नेमका दलाच्या चौकोनावर! सगळा ट्रक मोकळा सोडून या गृहस्थाला हात टेकायला तेवढीच जागा सापडली. अंगठा आणि तर्जनी यांच्या फटीतून चौकोनाचा एक कोपरा तेवढा दिसतो.

“बापूस तोफखान्यात व्हता,” जनार्दनशेठ म्हणाले. “वर तांबडा, खाली निला. आखा तुमी.”

तोफखान्याचा चौकोन असाच, वर लाल आणि खाली निळा, मधली रेघ आडवी. हे त्यांना मीच कधीतरी सांगितलेले होते. मी भिंग काढले. बोटांच्या फटीत एक रेघ दिसत होती खरी, पण आडवी नव्हती. ती तिरपी होती.

मी तसे म्हणताच जो गोंधळ उडाला, त्याने माझे डोके दुखू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती अंगठ्याची सावली आहे. उस्मानभाई म्हणाले, फोटोला बुरशी आहे. जनार्दनशेठ म्हणाले, फोटो दुमडला होता, त्याची घडी आहे. मी म्हणालो, घडी असती तर ती चौकोनात सुरू होऊन चौकोनातच संपली नसती. तिरप्या रेघेचा चौकोन, अर्धा लाल आणि अर्धा हिरवा, म्हणजे रसद पुरवणारे दल. धान्य, भाजीपाला, इंधन, पाणी.

“म्हंजे बटाटे,” जनार्दनशेठ म्हणाले.

कोणी हसले नाही, कारण ते स्वतः हसत नव्हते. मग हळूहळू सगळे बाहेर आले. लहानपणी बेलपाड्यातली पोरे त्यांना ‘बटाट्या’ म्हणत. बाकीच्यांचे बाप लढाईला जातात, याचा बापूस बटाटे घेऊन जातो, असे गावात कोणीतरी उठवले आणि ते चिकटले. चौथीत असताना जनार्दनशेठनी ठोकून दिले, की बापूस तोफ चालवतो. त्यानंतर गावच्या प्रत्येक लग्नात त्या तोफेची नळी लांब होत गेली. मागच्या लग्नात ती डोंगराच्या पलीकडे गोळा टाकत होती. आणि आता सव्वीस जानेवारीला तेच गाव बसगाड्या करून ही तोफेची खूण पाहायला येणार होते.

“काका,” ते म्हणाले, “एक रेग आडवी करायची. मैदानात कोनाला कलनार हाय?”

“मला कळेल,” मी म्हणालो.

त्यांनी फोटो पाकिटात ठेवला आणि चहा न सांगता घरात निघून गेले. आमच्या रविवारांच्या इतिहासात चहा पहिल्यांदाच चुकला.

•

त्या आठवड्यात मी गुरुवारीच नेऱ्याला गेलो. माझा स्वभाव मंडळींना माहीत आहे आणि मंडळींचा मला. शेडमध्ये शिरलो तो ताज्या रंगाचा वास. मडगार्डवर चौकोन. वर लाल, खाली निळा, रेघ आडवी, कडा बिनचूक. मला पाहताच उस्मानभाईंना नमाजाची आठवण झाली आणि ते गेले.

रंग ओला होता. टर्पेंटाइन शेजारीच होते. मी फडका भिजवला आणि चौकोन पुसला. माझ्या खडूविना लागलेला रंग माझ्या हाताने निघाला, यात मला आजही काही गैर वाटत नाही.

पुसत असतानाच जनार्दनशेठ दारात येऊन उभे राहिले. ओरडतील असे वाटले होते. ते ओरडले नाहीत.

“काका, तुमचा बापूस काय काम करत व्हता, मी कदी इचारला काय तुमाला?”

“विचारले असते तर खरे सांगितले असते.”

“खरं सांगाला तुमाला सोपं हाय. तुमाला कोन बटाट्या नाय बोल्लं.”

माझ्या हातात लाल-निळ्याचा जांभळा झालेला फडका होता. मी तो बादलीवर वाळत घातला, फळीवरची माझी खडूची डबी उचलली आणि पनवेलच्या रिक्षेत बसून घरी आलो. पुढच्या रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टरीणबाईंचा एकदा फोन आला. मडगार्डवर नुसता वाळूचा रंग आहे, म्हणाल्या, जनार्दनशेठ त्याच्याकडे पाहत नाहीत आणि कोणाला पाहूही देत नाहीत. उस्मानभाई रोज येतात, ब्रश धुतात आणि परत जातात. प्रदर्शन आठवड्यावर आले होते.

•

तेव्हा जनार्दनशेठच्या मातुःश्रींचा निरोप आला. पार्वतीबाईंचे वय नव्वदीला टेकलेले आहे. इतक्या वर्षांत आम्ही शेडमध्ये काय करतो हे पाहायला त्या एकदाही आल्या नव्हत्या. लोखंडाला पॉलिश करणारे पुरुष, एवढीच त्यांची आमच्याविषयीची समजूत, आणि ती चुकीची म्हणता येणार नाही.

मी गेलो. त्या ओटीवर सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. जनार्दनशेठ खांबाला टेकून उभे. फोटो आईंच्या मांडीवर.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तुमचं आनि जनूचं भांडान ह्या हातावरून हाय?”

मी म्हणालो, भांडण हातावरून नाही, हाताखाली काय आहे यावरून आहे. आणि मग, विषय निघालाच आहे म्हणून, मी त्यांना सांगितले, की घरी पाठवायच्या फोटोत दलाची खूण दिसू नये, अशी काळजी सैनिक घेत असत. शत्रूच्या हाती फोटो लागला तर कोणते दल कुठे आहे हे कळू नये. तेव्हा हरिश्चंद्ररावांनी तिथे हात ठेवला, ही त्यांची शिस्त म्हणायची.

आईंनी सुपातून डोके वर काढले.

“कसली शिस्त? तो लाजाचा.”

जनार्दनशेठनी खांब सोडला.

“गाव हसंल म्हनून झाकला त्यानी,” आई म्हणाल्या. “रजेवर आला का मना बोलाचा, कोनाला सांगू नको. पन रातचं जेवला का सांगाचा. वर डोंगरान पलटनीची पोरं असाची, चार-चार दिस वाट बगत. बोलाचा, माजी गाडी वलनावर दिसली का सगली उठून उभी रवाची. सायब आला तरी एवडी नाय उठत.”

एवढे बोलून त्या पुन्हा सुकट निवडू लागल्या.  जनार्दनशेठ सुपाजवळ येऊन बसले.

“आये, तू मना कदी नाय सांगलास.”

“तू इचारलास कदी? तू तं सगल्या गावाला सांगतच सुटलास.”

या सर्वांत मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र मिळेना, म्हणून मी आईंना विचारले, की चौकोनाचे रंग त्यांनी कधी बोलण्यात सांगितले होते का. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिले. “दादा, फोटू काला हाय,” त्या म्हणाल्या.

मी उठलो. पायऱ्या उतरताना जनार्दनशेठ मागून आले.  शेडच्या दारात म्हणाले, “खडू आनलाव काय?”

मी खडूशिवाय घराबाहेर पडत नाही.

•

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाले आणि मैदान भरले. मंडळींनी मला छळायचे म्हणून जे जे करता येईल ते केले होते. जीपच्या बॉनेटवर कागदी तारा परत आलेला होता. डॉक्टरीणबाईंनी नवे टी-शर्ट आणले होते. त्यांवर चकती तीच, दोनचा आकडाही तोच, आणि खाली ‘पूल सांभाळा’ असे छापलेले. मी कोणाशीही बोललो नाही.

ट्रक शेवटी होता. वाळूच्या रंगावर मडगार्डचा चौकोन उठून दिसत होता. अर्धा लाल, अर्धा हिरवा, रेघ तिरपी, कडा धारदार. भोवती बरीच मोकळी जागा होती, आणि ती मोकळीच होती. उस्मानभाई पाठीमागे हात बांधून शेजारी उभे होते. बहुधा स्वतःच्याच हातांना धरून.

बेलपाड्याची मंडळी आली. दोन बसगाड्या भरून आली. म्हातारे पुढे, बायका मागे, मुले ट्रकच्या चाकांवर. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ, डोक्यावर टोपी, हातात काठी, चौकोनासमोर बराच वेळ थांबले. मग त्यांनी ट्रकच्या मागे जाऊन पाहिले. परत पुढे आले.

“जनू,” ते म्हणाले, “तोफ कुठं हाय रं?”

दोघे-तिघे हसले.  आई पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या. नवे लुगडे, कपाळाला बुक्का, मांडीवर पिशवी. फोटोवाला पुढे आला आणि म्हणाला, शेठ, तुम्ही गाडीजवळ उभे राहा, सगळ्या गावाचा एक फोटो होऊन जाऊ दे. गाव मागे सरकले, रांगा झाल्या, मुलांना खाली बसवले. जनार्दनशेठ मडगार्डला लागून उभे राहिले. ताठ उभे राहिले. फोटोवाल्याने हात वर केला, आणि जनार्दनशेठचा उजवा हात आपोआप उठला आणि मडगार्डवर टेकला. बरोबर चौकोनावर. बोटे पसरलेली.

एवढ्या खटाटोपाने काढलेली खूण पुन्हा झाकली गेली, हे पाहून मी तोंड उघडणार होतो. माझ्याआधी आई सीटवरून वाकल्या.

“जनू, हात काड तिथला.”

त्यांनी हात काढला. फोटो निघाला.

त्या दिवसापासून बेलपाड्यात त्या ट्रकला ‘बटाट्याची गाडी’ म्हणतात, आणि जो तसे म्हणतो त्याला जनार्दनशेठ शेजारी बसवून गाढी नदीच्या पुलापर्यंत फिरवून आणतात.